दहा देशांची परिषद, मुक्काम सुरत

सोमवार, १६ ऑगस्ट १९७१

प्रकाशदादा आज बँकेतून आला तो चपला न काढता सरळ स्वयंपाकघरात. वहिनी ओरडलीच. तो म्हणाला, "आज दर आलाच नाही."

दादा परदेशी हुंड्यांच्या टेबलावर बसतो. रोज सकाळी मुंबईहून फोन येतो, पौंड इतका, डॉलर इतका, मग दिवसाचं काम सुरू. आज मुंबईनं सांगितलं, थांबा. का, तर अमेरिकेच्या अध्यक्षांनी टेलिव्हिजनवरून जाहीर करून टाकलं, की इतर देशांनी डॉलर आणून द्यायचे आणि आम्ही सोनं द्यायचं, हा व्यवहार आता बंद. वर परदेशी मालावर दहा टक्के जादा जकात.

"बंद म्हणजे किती दिवस?"

"ते त्यांनाही माहीत नसावं."

जूनपासून मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला काय शिकवते आहे? जगातली सगळी चलनं डॉलरला बांधलेली, डॉलर सोन्याला बांधलेला, एका औंसाला पस्तीस डॉलर, आणि ही गाठ कुणी परस्पर सोडू नये म्हणून सगळ्या देशांनी मिळून केलेला करार. पोरांकडून पाठ करून घेतलं! आणि ते सगळं एका भाषणात उडालं. दादा कपाळाला हात लावून बसलाय आणि मला मात्र जेवण जाईना इतका आनंद झालाय. वहिनी म्हणाली, "तुला कसला एवढा हर्ष?" कसं सांगू? भूगोलाच्या बाईंना सकाळी उठल्यावर खिडकीतून नवीन डोंगर दिसावा, तसं झालंय.

मंगळवार, १७ ऑगस्ट

वर्गात गेले आणि पुस्तक टेबलावर उपडं ठेवलं. म्हटलं, "प्रकरण सातवं काल रद्द झालं."

मगन ताडकन उठला. त्याच्या वडिलांचा जरीचा व्यापार, माल बाहेर जातो, घरी कालपासून नुसते ट्रंककॉल चालू. "बेन, आ तो विश्वासघात थयो!" त्याच्या आवाजात खरा राग होता. एरवी हा मुलगा वर्गात भांग पाडत बसतो.

मी सव्वा तास बोलले. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला स्वतःलाच नीट उमगलेलं नाही. सोन्याचा भाव बदलला की कुणाचं नक्की काय होतं, हे मी काल रात्री तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वेगळं कळलं. पण आज एकही मूल खिडकीबाहेर बघत नव्हतं.

दुसऱ्या बाकावरची सीता सगळं उतरवून घेत होती. बमरोलीहून येते, वडील मिलमध्ये आहेत. दोन वर्षांत तिनं वर्गात तोंड उघडलेलं मला आठवत नाही.

शुक्रवार, १ ऑक्टोबर

सुचलं! भाजी निवडताना सुचलं.

वॉशिंग्टनला सगळ्या देशांचे अर्थमंत्री जमले, भाषणं झाली, ठरलं काही नाही. श्रीमंत अशा दहा देशांचा एक गट आहे, तो आता पुन्हा पुन्हा बसणार म्हणे. अमेरिका म्हणते, तुम्ही सगळे आपापल्या चलनाची किंमत वाढवा. फ्रान्स म्हणतं, आधी तू डॉलरची कमी कर. जपान म्हणतं, मला यात ओढू नका. जर्मनीनं तर आपलं चलन कधीचं मोकळं सोडून दिलंय.

हे मी फळ्यावर लिहून काय होणार? त्यापेक्षा दहा खुर्च्या मांडायच्या, दहा मुलांना दहा देश द्यायचे, आणि म्हणायचं, बसा, भांडा, आणि दर ठरवून मगच उठा. कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत!

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मुलं नाटकात काम करणार, की दर ठरवणार?" म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, "खरे मंत्री तरी दुसरं काय करतात." म्हणजे तोही आला.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

प्रिन्सिपॉल देसाई म्हणाले, "चालशे." मग चष्मा काढून म्हणाले, "पण सुलभाबेन, धांधल नको. तुम्ही अजून कायम झालेल्या नाही आहात." हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं की धमकी आहे हे मला जिना उतरताना कळलं.

चिठ्ठ्या टाकल्या. मगनला अमेरिका निघाली! त्यानं वर्गाला एक चक्कर मारली. फ्रान्स सीताला. ती चिठ्ठी उघडून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं परत करते की काय.

मग लोटू उभा राहिला. लोटू नंदुरबारकडचा, पर्वत पाटियाजवळ चुलत्याकडे राहतो, संध्याकाळी मागावर जातो. म्हणाला, "मॅडम, आपली चिठ्ठी?"

"म्हणजे?"

"भारताची."

मी सांगितलं, या दहात भारत नाही. खऱ्या परिषदेतही नाही. तो म्हणाला, "मग आपला रुपया ते आपल्याला न विचारता कुठंबी ढकलतील?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, बाजूला एक बाक ठेवू, निरीक्षकांचा. बसता येईल, बोलता येणार नाही. तो म्हणाला, "बरं. बसतो."

नियम मीच केला आणि घरी येईपर्यंत मला तो टोचत होता. पण खरं आहे तसंच दाखवायला हवं ना?

गुरुवार, १८ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज आमच्या घरी पहिली तालीम. तारीख ठरली, ११ डिसेंबर.

सीता बोलली! आणि काय बोलली! गेल्या महिन्याभरात तिनं ग्रंथालयातली सगळी इंग्रजी वर्तमानपत्रं चाळलीत. मगन ऐटीत म्हणाला, "डॉलर जगाचं चलन आहे, ते हलणार नाही." ही हळूच म्हणाली, "जगाचं आहे ना, मग तुमच्या एकट्याच्या निर्णयानं सोन्यापासून तोडलंत कसं?"  दादा दारात उभा होता, त्यानं टाळी वाजवली.

वहिनीनं पोहे केले. जाताना सीता तिला म्हणाली, "घरी उशीर चालत नाही, बाबा न्यायला स्टँडवर येतात." इतकी जपून वाढवलेली मुलगी, म्हणून गप्प असते बहुतेक.

शनिवार, ४ डिसेंबर

युद्ध. काल संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर बाँब टाकले. रात्री सायरन वाजला. सगळी सुरत काळी. वहिनीनं खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवले, दादानं स्कूटरच्या दिव्याला वरून अर्धा काळा रंग दिला.

कॉलेजच्या हॉलमध्ये वाळूच्या गोण्या आणि स्ट्रेचर. प्रथमोपचाराचे वर्ग तिथंच. परिषद रद्द. देसाईसाहेब म्हणाले, "आता देशाचं बघायचं की डॉलरचं?"  लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाही वाईट वाटत होतं.

मंगळवार, ७ डिसेंबर

मुलं आपणहून घरी आली! सहा जण होते, आठ झाले. दुपारी चार ते साडेपाच, अंधार पडायच्या आत घरी. मगन रक्तदान करून आला होता, बाही वर करून सगळ्यांना दाखवत होता. लोटू म्हणाला, "माग अर्धे बंद आहेत, मला वेळच वेळ."

रेडिओ चालू ठेवून तालीम केली. मध्येच बातमी आली की सगळे थांबत, बातमी संपली की पुन्हा इटली आणि कॅनडाचं भांडण. माझ्या छोट्या खोलीत जग दोन ठिकाणी हलत होतं आणि मला दोन्हीकडे कान लावून बसावंसं वाटत होतं.

मंगळवार, १४ डिसेंबर

आज फार वाईट आणि मग फार चांगलं झालं.

अमेरिकेनं आरमार पाठवलंय, आपल्याविरुद्ध, बंगालच्या उपसागरात. गावात नुसता संताप. चौकाचौकात पोरं घोषणा देत होती. मगन आला तो दारातूनच म्हणाला, "बेन, हुं नथी बेसवानो. अमेरिकेच्या खुर्चीत मी बसणार नाही. बापुजींनी पण सांगितलंय, लोक दुकानावर चालून येतील."

मी म्हटलं, "अरे, तू अमेरिका थोडाच आहेस? अभ्यास आहे हा."

"तुम्ही घराबाहेर येऊन लोकांना समजावा."

दुसऱ्यांना विचारलं, त्या खुर्चीत कोण बसतं? कुणी तयार होईना. अमेरिकेशिवाय परिषद कशी होणार? करार मोडणाराच जागेवर नसेल तर बाकीचे नऊ कुणाशी बोलणार? मी म्हणणार होते की सोडून देऊ या.

तेवढ्यात सीता म्हणाली, "मॅडम, मी बसते. मगनला फ्रान्स द्या."

मी म्हटलं, "विचार करून सांग. मुलं चिडवतील."

ती म्हणाली, "चिडवतात तर चिडवू दे. कुणी तरी तिथं बसून उत्तर दिलं पाहिजे ना. रिकाम्या खुर्चीला सगळेच बोलतात."

मी तिला मिठीच मारली. ती इतकी गडबडली की तिच्या हातातल्या वह्या पडल्या.

बुधवार, १५ डिसेंबर

कॉलेजच्या भिंतीवर कोळशानं कुणी तरी सीताचं नाव लिहून पुढं 'अमेरिकेची हस्तक' असं लिहिलंय. चपराशाकडून पुसून घेतलं. पोरकटपणा, दुसरं काय. सीताला दाखवलंसुद्धा नाही, पण बहुधा तिनं पाहिलं असावं, कारण त्या बाजूनं ती आज गेलीच नाही.

गुरुवार, १६ डिसेंबर

जिंकलो! ढाक्यात शरणागती! संध्याकाळी दादानं रेडिओ खिडकीत ठेवला, अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर. वहिनी रडत होती आणि साखर वाटत होती.

दुपारी सीता आली होती, कपाळावर पट्टी. अंधारात दाराची चौकट लागली म्हणाली. या ब्लॅकआऊटनं निम्म्या सुरतेची डोकी फुटली असतील. दादानं परवा न्हाणीघरात गुडघा फोडून घेतला. मी तिला म्हटलं, घरी आराम कर. ती म्हणाली, "नाही, मगनचे प्रश्न ऐकायचे आहेत." आणि तो विचारत असलेला प्रत्येक प्रश्न तिला आधीच ठाऊक होता, कारण फ्रान्सचे प्रश्न तिनंच महिनाभर खपून तयार केले होते! मगन चिडून म्हणाला, "आ तो चीटिंग छे!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. तीही हसली, मग पट्टी दाबून धरली.

शुक्रवार, १७ डिसेंबर

रात्री आठला युद्धबंदी. दिवे लागले! रस्त्यावरचे दिवे बघायला लोक गच्चीत.

मी संध्याकाळीच देसाईसाहेबांच्या घरी गेले. उद्या हॉल रिकामा होतोय, म्हटलं, द्या. ते म्हणाले, "उद्या विजययात्रा आहे. कोण येणार तुमचे डॉलर-फ्रँक ऐकायला?" म्हटलं, तुम्ही या, अध्यक्ष म्हणून. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "काळा कोट घालू?"

उद्या दुपारी दोनला!!

शनिवार, १८ डिसेंबर

झोप येणं शक्य नाही, म्हणून सगळं लिहून काढते.

हॉलमध्ये दोनशेच्या वर माणूस. विजययात्रेतून मुलं तशीच गुलाल माखून आली होती. गोण्यांमधली वाळू अजून फरशीवर होती, चालताना करकर वाजत होती. दहा खुर्च्या, प्रत्येकीपुढे देशाच्या नावाची पाटी. बाजूला निरीक्षकांचा बाक, त्यावर लोटू एकटा, इस्त्रीच्या शर्टात. देसाईसाहेब काळ्या कोटात.

सीता अमेरिकेच्या पाटीमागे उभी राहिली आणि मागच्या रांगांमधून गदारोळ उठला. "आरमार परत घ्या! अमेरिका मुर्दाबाद!" कागदाचे बोळे आले.  देसाईसाहेब घंटा वाजवत राहिले, कुणी ऐकेना.

तेव्हा अगदी मागे बसलेले पाच-सहा लोक उठून उभे राहिले. मिलमधली माणसं, गडद निळे शर्ट. बोलले काहीच नाहीत, फक्त ओरडणाऱ्या मुलांच्या मागे जाऊन उभे राहिले. बहुधा त्यांना मागून ऐकू येत नसावं. आश्चर्य म्हणजे गडबड तिथंच कमी झाली. मी चपराशाला सांगून त्यांच्यासाठी पुढे बाक टाकायला लावला, पण ते आले नाहीत, शेवटपर्यंत तिथंच उभे.

आणि सीता बोलू लागली. शांत, स्पष्ट गुजरातीत. "तुम्ही माझ्यावर रागावलेले आहात. रागवा. पण पंचवीस वर्षं तुमचा माल मी घेतला, माझे डॉलर तुम्ही तिजोऱ्यांत भरले. आता माझ्याकडचं सोनं पुरत नाही. एकटी मी खाली उतरणार नाही. तुम्हीही वर चढा."

मगन उठला. मी त्याला इतकं चांगलं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. युद्धाचा सगळा राग त्यानं फ्रान्सच्या तोंडून काढला. "ज्यानं करार मोडला त्यानं आधी उतरायचं. डॉलरची किंमत कमी कर, दहा टक्के जकात उठव, मग बोल." टाळ्यांनी हॉल दणाणला. जपान झालेला रांदेरचा मुलगा हाताची घडी घालून बसला होता. जर्मनी म्हणाली, जपान जेवढं वाढवेल त्यापेक्षा जास्त मी वाढवणार नाही. जपान म्हणालं, आधी अमेरिका. अमेरिका म्हणाली, आधी जपान.

तासभर असंच. मला वाटायला लागलं, हे फसणार. खऱ्या मंत्र्यांना चार महिन्यांत जमलं नाही ते माझी पोरं दुपारभरात काय मिटवणार? कुणाच्या सांगण्यावरून मी हा घाट घातला?

आणि लोटू उभा राहिला.

देसाईसाहेब म्हणाले, "निरीक्षकांना बोलायची परवानगी नाही." नियम माझाच! मी मान खाली घातली.

सीता म्हणाली, "अध्यक्षमहाराज, माझ्या उत्तराची पाच मिनिटं बाकी आहेत. ती मी निरीक्षकांना देते."

 लोटू पुढे आला. कागद नाही, काही नाही. "तुम्ही दहा जण मोठे. डॉलर वर न्या का खाली न्या, आम्हाला कुणी विचारत नाही. पण एकदाचा ठरवा. मी मागावर बसतो. माल जाणार कुठल्या भावानं, सूत येणार कुठल्या भावानं, हे कळलं नाही की शेठ माग थांबवतो. तो म्हणतो, दर कळू दे, मग बघू. त्याचं बरोबर आहे. पण माग थांबला," इथं तो अडखळला आणि घरचंच बोलून गेला, "तर मंग आमनं काय?"

तो जाऊन बाकावर बसला. टाळ्या वाजल्या नाहीत. 

सीतानं दहा मिनिटांची सुट्टी मागितली. मी व्हरांड्यात गेले तर ती आणि मगन खांबाआड हळू आवाजात भांडत होते. "पाच." "दहा." "पाचावर फ्रान्सचं मंत्रिमंडळ पडेल." "दहावर माझं पडेल." मला पाहताच मगन म्हणाला, "बेन, तमे जाव." मी चक्क हाकलली गेले!

परत आल्यावर सीता उभी राहिली. "अमेरिका डॉलरची किंमत शंभरात आठ कमी करायला तयार आहे. दहा टक्के जकात उठवते. अट एकच, जपान आणि जर्मनीनं आजच, इथंच, वर चढायचं."

सगळ्यांची तोंडं जपानकडे. रांदेरचा मुलगा लालबुंद. "बारा," तो म्हणाला. "सोळा," जर्मनी म्हणाली. "पंधरा, आणि पुढं एक शब्द ऐकणार नाही!" जपान ओरडलं. आणि देसाईसाहेबांनी इतक्या जोरात घंटा आपटली की तिचा दांडा निघाला.

झालं! दर ठरले! मुलं खुर्च्यांवर चढली. "अमेरिका मुर्दाबाद" ओरडणाऱ्यांपैकीच दोघांनी पुढे येऊन सीताला गुलाल लावला. तिनं आधी हात वर केला, तोंड झाकून घ्यावं तसा, मग त्यांचे हात पाहिले आणि लावू दिला.

नंतर ते निळ्या शर्टवाले पुढे आले. त्यातले एक सीताचे वडील निघाले, भिवा नाव. मी म्हटलं, "आज मिलला सुट्टी होती का?"

"नाही. खाडा केला."

"आणि हे सगळे?"

"त्यांनीबी."

परिषदेत एवढा रस! मला भरून आलं. म्हटलं, सीता फार छान बोलली. ते म्हणाले, "ऐकलं. मला आकडे नाही कळले, पण कुणाला भिऊन बोलत नव्हती. तेवढं कळलं." मग म्हणाले, "निघतो, बाई. तिला घरी सुखरूप न्यायचीय." म्हटलं, आता काय काळजी, दिवे आलेत की रस्त्यावर! ते थोडे हसले आणि म्हणाले, "हो, दिवे आलेत." सीताला मध्ये घेऊन सगळे गेले.

रविवार, १९ डिसेंबर

सकाळी दादानं हलवून उठवलं. "ऊठ, ऊठ! मिटलं! खरंच मिटलं!"

रेडिओवर. वॉशिंग्टनमध्ये दहा देशांची तडजोड. अमेरिका डॉलर उतरवणार, आठ टक्क्यांच्या आसपास, जकात उठवणार, जपान सोळा-सतरानं वर. मी दादाच्या खांद्यावर बुक्के मारत होते. आठ! आमचेही आठच! इटली आणि स्वीडनच्या बाबतीत आमचं साफ चुकलं, कॅनडाला तर आम्ही बांधून टाकलं होतं आणि खरा कॅनडा मोकळाच राहिला. पण आठ!

नऊ वाजेपर्यंत अर्धी परिषद आमच्या ओट्यावर. मगन म्हणत होता, "आपण इथं सोडवलं, म्हणून तिथं सुटलं!" सीता बसनं आली, वडील कोपऱ्यावर थांबले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फ्रान्सनं आधी मानलं की अमेरिकेनं?" ते रेडिओनं सांगितलं नव्हतं. लोटू म्हणाला, "रुपयाचं काहीच नाही सांगितलं." तेही खरं.

मला आज असं वाटतंय की माणसं एका टेबलाभोवती बसली की काहीही होऊ शकतं. निदान पुढची वीस-पंचवीस वर्षं तरी आता या दरांना कुणी हात लावणार नाही.

मंगळवार, २१ डिसेंबर

रुपयाचं कळलं. आता तो डॉलरऐवजी पौंडाला बांधला. दादाला काल घरी यायला रात्र झाली, पण दर आला म्हणून स्वारी खूश. लोटूचे माग सुरू झाले.

देसाईसाहेब मला म्हणाले, "सुलभाबेन, घंटा नवीन आणायची आहे." मग म्हणाले, "पुढच्या जूनपासून कायमच्या पत्राचं बघतो." मी जिन्यात पोचल्यावर उडी मारली. चपराशानं पाहिलं. पाहू दे.

शनिवार, २४ जून १९७२

पौंड सुटला! ब्रिटननं कालपासून पौंड मोकळा सोडला, आणि त्याला बांधलेला आपला रुपया त्याच्या मागोमाग. जेमतेम सहा महिने झाले. दादा म्हणाला, "तुझी पंचवीस वर्षं." मी त्याच्याशी बोलत नाहीये.

सीताला दुसरा वर्ग मिळाला. पहिला दोन टक्क्यांनी हुकला म्हणून मी रडले. ती नाही रडली.

रविवार, १८ मार्च १९७३

सकाळी पेपर वाचून दिवसभर उदास होते. संपलं सगळं. गेल्या महिन्यात अमेरिकेनं डॉलर पुन्हा उतरवला, आणि आता युरोपातली चलनंही मोकळी. बांधलेले दर कुठे उरलेच नाहीत. त्या दहा देशांचा करार, ज्यासाठी मी ओट्यावर नाचले होते, तो आता कागद. माझ्याच वर्गाला मी काय काय सांगितलं होतं!

संध्याकाळी होळी पेटायच्या वेळी सीता आली. बडोद्याला एम.ए. करते आहे, सुट्टीला आलीय. माझं तोंड बघून म्हणाली, "मॅडम, कुणी आजारी आहे का?"

मी पेपर पुढे केला. "आपला करार मोडला, सीता. सव्वा वर्षसुद्धा धड टिकला नाही."

तिनं वाचलं. मग म्हणाली, "पुष्कळ टिकला की."

"पुष्कळ?"

"त्या डिसेंबरात काकांनी भुसावळला माझं लग्न ठरवलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. परिषदेहून घरी जाताना बाबा म्हणाले, परीक्षा होऊ दे, मग बघू. परीक्षा झाली तर म्हणाले, रिझल्ट होऊ दे. रिझल्टनंतर काका आले, मोठं भांडण झालं. बाबा म्हणाले, एक वर्ष बडोद्याला जाऊ दे. त्यांनी कायमचं काहीच ठरवलं नाही, मॅडम. दर वेळेला थोडंच. तेवढ्यात माझं बी.ए. झालं, एम.ए.चं पहिलं वर्षही होत आलं."

  दोन वर्षं वर्गात गप्प बसलेली ही मुलगी.

"आणि आता?" मी विचारलं. "वर्ष संपल्यावर?"

"आता पुन्हा बसू. बाबा, काका आणि मी. या वेळेला मीपण बोलणार आहे."

मग ती पेपरवर बोट ठेवून मला सांगायला लागली, दर मोकळे सुटले तरी देशांना एकमेकांशी बोलावंच लागणार, उलट रोज बोलावं लागणार, तिचे प्रोफेसर काय म्हणतात, तिला ते का पटत नाही. वहिनीनं चहा दोनदा गरम केला. बाहेर होळीभोवती ढोल वाजत होते, आम्ही एकमेकींवर ओरडून बोलत होतो. आठला तिचे वडील न्यायला आले तरी आमचं निम्मंच झालं होतं, आणि त्यातलं निम्मं मला कळलेलं नाही.

उरलेलं निम्मं बोलायला उद्या पहिल्या बसनं मीच बमरोलीला तिच्या घरी जाणार आहे. धुळेटी आहे, रस्त्यात रंग लागेल. लागू दे.